बांगड्याचा भाव, तांदळाचा भाव आणि न्याय : पावसाळी अर्थशास्त्र वर्गासाठी मदत हवी

खाडीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या एका गावी मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. यंदा अठरावं वर्ष. मागणी-पुरवठ्याचं प्रकरण आता पुस्तक न उघडता शिकवते. उदाहरणही ठरलेलं: बांगड्याची आवक वाढली की भाव पडतो. मुलांना ते लगेच कळतं, कारण बहुतेकांच्या घरचं कोणी ना कोणी होडीवर असतं.

यंदा हे शिकवताना मागच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. वडील दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी. म्हणाला, "मॅडम, भाव पडतो ते कळलं. पण भाव पडला की आमच्याकडे तांदूळ कमी येतो. दुकानात तर तांदूळ तेवढाच असतो ना?"

मी सांगितलं, उत्पन्न घटलं की खरेदी घटते. तो "हो मॅडम" म्हणून खाली बसला. माझं उत्तर चुकीचं नव्हतं, पण त्याने विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. माल जागेवर आहे, बापाचे कष्टही तेवढेच आहेत, मग मधे काय तुटतं, हे त्याला विचारायचं होतं.

त्या रात्री एम.ए.ला असताना घेतलेलं अमर्त्य सेन यांचं 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' काढलं. १९८१ चं पुस्तक. १९४३ साली बंगालात दुष्काळ पडला तेव्हा सेन नऊ वर्षांचे होते, शांतिनिकेतनात शिकत होते. पुढे त्यांनी आकडे तपासले. १९४३ मधला धान्याचा पुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा जेमतेम ५ टक्क्यांनी कमी होता, आणि १९४१ पेक्षा तर जास्तच होता. १९४१ मध्ये दुष्काळ नव्हता. १९४३ मध्ये मात्र सेन यांच्या अंदाजाने ३० लाखांच्या आसपास माणसं गेली.

आणि सगळ्यांत जास्त देशोधडीला लागलेल्यांत कोण होतं? शेतमजूर होते, वाहतुकीवर पोट असणारे होते, आणि मच्छीमार होते. विद्यार्थिदशेत हे वाक्य वाचून मी पुढे गेले होते. आता थांबले. मच्छीमाराचं पोट मासळीवर भरत नाही, मासळी विकून घेतलेल्या भातावर भरतं. तांदूळ महागला की लोक आधी मासळी घेणं सोडतात. म्हणजे एकीकडे तांदूळ वर जातो, त्याच वेळी मासळी खाली येते, आणि मच्छीमार दोन्हीकडून चेपला जातो. त्यात १९४२ मध्ये जपानी फौजा येतील या भीतीने सरकारने बंगालच्या किनारपट्टीवर दहापेक्षा जास्त माणसं नेऊ शकणाऱ्या होड्या काढून घेतल्या होत्या, कित्येक मोडून टाकल्या होत्या. धान्य होतं, पण त्या धान्यावर या माणसांचा हात पोचेल अशी एकही वाट उरली नव्हती. सेन याला 'एन्टायटलमेंट' म्हणतात. मी वर्गात 'पोच' म्हणणार आहे. माल किती आहे हा एक प्रश्न, आणि कोणाची पोच किती हा वेगळा प्रश्न.

माझ्या विद्यार्थ्याने हेच विचारलं होतं, आणि आमच्या क्रमिक पुस्तकात त्याला जागा नाही.

म्हणून ठरवलंय की १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौका बंद असतात, तेव्हा गावच्या वाचनालयात दर रविवारी संध्याकाळी अर्थशास्त्राचा वर्ग घ्यायचा. विद्यार्थ्यांसाठी नव्हे, गावासाठी. खलाशी, मासळी विकणाऱ्या बायका, काजू फॅक्टरीतल्या बायका, कलमवाले, जो येईल तो. परीक्षा नाही, फी नाही. सुरुवात 'उत्पादन किती' इथून करायची नाही. 'या कारभारात माणसाला काय करता येतं, काय होता येतं, आणि ते कोणाला नाकारलं जातं' इथून करायची.

तुमच्याकडून हवं आहे ते असं. आपल्या कोकणातली कोणती उदाहरणं घ्यावीत? सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला कंटाळा येणार नाही असं कसं मांडावं? आणि एका शब्दासाठी मी महिनाभर अडले आहे. इंग्रजीत 'ह्यूमन फ्लरिशिंग' म्हणतात त्याला मराठीत काय म्हणावं? 'भरभराट' म्हटलं की पैसाच डोळ्यासमोर येतो, 'कल्याण' म्हटलं की सरकारी खातं आठवतं, 'सुख' फार लहान पडतं.

---

हापूसकलम

ताई, उपक्रम चांगला आहे, पण माझं वेगळं मत मांडतो. देवगड तालुक्यात हापूसची दीडशे कलमं आहेत. गेल्या काही वर्षांत मोहोर वेळेवर येत नाही, आला तर अवकाळीने झडतो, राहिला तर थ्रिप्सची कीड. फवारणीचा खर्च दर वर्षी चढतोय. झाडावर फळच नसेल तर न्यायाने वाटायचं काय? आधी पीक, मग वाटणी. गावातल्या लोकांना उत्पादन कसं वाढेल हे शिकवलंत तर जास्त उपयोग होईल असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

---

खाडीकाठ

हापूसकलमदादा, पिकाशिवाय वाटणी नाही हे शंभर टक्के मान्य. पण एक विचारू? पेटी वाशीला जाते तेव्हा भाव तुम्हाला माहीत असतो का?

---

हापूसकलम

नसतो. माल गेल्यावर चार-सहा दिवसांनी विक्रीच्या हिशेबाची पट्टी येते तेव्हा कळतो. त्यातून गाडीभाडं, हमाली आणि खाली आणखी दोन-तीन ओळी वजा. पावसाळ्यात दलालाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, त्यामुळे माल दुसऱ्याला घालायची सोय नसते. माझ्या वडिलांनी तीस वर्षांच्या पट्ट्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्यात. एकाही पट्टीवर भाव आम्ही ठरवलेला नाही.

तुमचा रोख कळला. पीक जास्त आलं त्या वर्षी माझ्या हातात जास्त पैसे आले का, हे पट्ट्या काढून बघतो. उद्या लिहितो.

आणि एक गोष्ट मनात आहे. कलमांच्या राखणीला आमच्याकडे नेपाळी कुटुंब असतं. ऑक्टोबरला येतात, मे अखेर जातात. तीन मुलं आहेत. इथल्या शाळेत घालतात तर परीक्षा होऊन निकाल लागेस्तोवर निघायची वेळ. तिकडे गेल्यावर पुन्हा वेगळी भाषा, वेगळं वर्ष. मोठा मुलगा तेरा वर्षांचा आहे, फवारणीचा पंप माझ्यापेक्षा चांगला चालवतो, आणि त्याला कुठल्याच भाषेत धड वाचता येत नाही. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले. त्यालाही दिला. हे तुमच्या विषयात बसतं का?

---

खाडीकाठ

दादा, हाच विषय आहे. पट्ट्या जरूर बघा, आणि जमलं तर एका रविवारी ती पेटी घेऊन या.

---

सामाईक_सातबारा

रत्नागिरी जिल्ह्यातून लिहितोय. ताई, सुरुवात सेन यांच्यापासून करा, पण आपल्या मातीतल्या अर्थशास्त्रज्ञाला विसरू नका. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुका. लोक त्यांना घटनाकार म्हणून ओळखतात, पण त्यांचं पहिलं शिक्षण अर्थशास्त्राचं, कोलंबियात आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये.

१९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान धारण क्षेत्रावर निबंध लिहिला. तेव्हा सगळे म्हणत होते की शेताचे तुकडे फार झाले, तुकडे जोडा म्हणजे शेती सुधारेल. बाबासाहेबांनी म्हटलं की तुकडा लहान की मोठा हा खरा प्रश्न नाही. त्या तुकड्याबरोबर बैल, अवजारं, भांडवल किती आहे, आणि त्यावर किती माणसं टेकून बसलीत, ते बघा. जास्तीच्या माणसांना दुसरा धंदा मिळत नाही म्हणून ती जमिनीला चिकटतात, म्हणून उद्योग आणा.

हे वाचलं तेव्हा मला आमचा सातबारा दिसला. बावीस गुंठे वरकस जमीन आणि एकोणचाळीस नावं. त्यातली अकरा माणसं वारलेली, वारस नोंद नाही. एक आत्या बडोद्याला, तिचा पत्ता नाही. बँकेत काजू लागवडीसाठी कर्ज मागायला गेलो तर सगळ्यांच्या संमतीच्या सह्या मागितल्या. जमीन आहे, पाऊस आहे, अंगात ताकद आहे, आणि तरी रोप लावता येत नाही. तुमचा 'पोच' हा शब्द इथे अगदी बरोबर बसतो.

खोतीही घ्याच, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या खोताची जमीनदारी. आमच्या पणजोबांच्या काळात कूळ खोताच्या शेतात वेठ करायचं, पहिली फणसाची जोडी खोताच्या पडवीत न्यायचं. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी कोकणातून मुंबईत मोर्चाने आले. त्याआधी अलिबागजवळ चरी गावचा संप झाला, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली. १९३३ ते १९३९, सहा वर्षं शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसली नाही. लाकूडफाटा विकला, करवंदं विकली, पण नांगर धरला नाही. खोती नष्ट करणारा कायदा व्हायला पुढे १९४९ उजाडलं.

त्या सहा वर्षांत चरीचं उत्पादन मोजलं असतं तर शून्य भरलं असतं. कोणी म्हणालं असतं की गावाचं नुकसान झालं. पण माणूस म्हणून उभं राहण्याच्या हिशेबात ती वर्षं कुठे मांडायची, हे तुमच्या वर्गात विचारा.

---

हिशोबनीस

मी विद्यापीठात अर्थशास्त्रच शिकलो, आता बँकेत आहे. थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. अर्थशास्त्र हे 'काय आहे' ते सांगणारं शास्त्र आहे. 'काय असावं' हे नीतिशास्त्राचं आणि राजकारणाचं काम. दोन्ही एकत्र केलं की अभ्यास मागे पडतो आणि भाषणं सुरू होतात. तुमच्या वर्गात भावना खूप असतील, पण मच्छीमाराला व्याजाचा दर, विमा, साठवणूक, शीतगृह हे कळलं तर त्याचं जास्त भलं होईल.

---

खाडीकाठ

हिशोबनीस, राग मुळीच नाही. हा आक्षेप मी स्वतःला कित्येकदा घेतलाय. व्याजाचा दर शिकवणारच आहे, तोही पहिल्या महिन्यात.

पण 'काय आहे' हे सांगतानाच आपण काहीतरी ठरवून बसलेलो असतो. १९७१ साली पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. माणशी रोज २,२५० कॅलरी मिळतील इतका खर्च ज्याला झेपत नाही तो गरीब. खूप मोठं काम. पण २,२५० हा आकडा बाजारातून आलेला नाही. माणसाला निदान इतकं मिळायलाच हवं असं कोणीतरी आधी मानलं, तेव्हा मोजणी सुरू झाली. ती रेघ कॅलरीवरून ठरली, पायातल्या चपलेवरून किंवा औषधावरून नाही. काय मोजायचं ते ठरवणं हाच निवाडा आहे.

राष्ट्रीय उत्पन्नाचंही तेच. ज्या सायमन कुझनेट्स यांनी अमेरिकेचं राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत घालून दिली, त्यांनीच १९३४ च्या अहवालात बजावलं होतं की या आकड्यावरून देशाचं भलं किती झालं हे ताडता येत नाही. आपल्याकडे २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरकाम करणाऱ्या पुरुषांचा त्यात दिवसाला ९७ मिनिटं वेळ जातो, घरकाम करणाऱ्या बायकांचा २९९ मिनिटं. जवळजवळ पाच तास. आमच्याकडे बाई पहाटे विहिरीवर जाते, चूल पेटवते, मग मासळीची पाटी घेऊन लिलावाला जाते. राष्ट्रीय उत्पन्नात फक्त पाटी धरली जाते.

आणि आपल्या शास्त्राचे आद्यपुरुष ॲडम स्मिथ नीतिशास्त्राचेच प्राध्यापक होते. 'वेल्थ ऑफ नेशन्स' १७७६ चं, त्याच्या सतरा वर्षं आधी, १७५९ मध्ये, त्यांनी माणसाच्या नैतिक भावनांवर ग्रंथ लिहिला होता. 'वेल्थ ऑफ नेशन्स'मध्येही ते म्हणतात की जगायला लागतं तेवढंच गरजेचं नसतं. त्यांच्या काळच्या मजुराला चारचौघांत लाज न वाटता जायला लिननचा सदरा लागायचा, म्हणून तो सदराही गरजच.

---

गिरणगावातला

सदऱ्यावरून लिहावंसं वाटलं. आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेवर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर. आई आणि आम्ही तिघं भावंडं गावी, सावंतवाडीच्या बाजूला. दर महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा. फेब्रुवारीत आला, मार्चमध्ये आला, मग आला नाही. आई ओट्यावर बसून त्याला वाटेवरून पुढे जाताना बघायची. काही दिवसांनी तो आमच्या घरावरून जायचाच बंद झाला, वरच्या पायवाटेने जायला लागला. त्यालाही बघवत नसणार.

त्या वर्षी वडील गणपतीला आले नाहीत. एसटीचं भाडं कोणीतरी दिलं असतं. पण चाकरमानी गणपतीला येतो तो रिकाम्या हाताने येत नाही. गणपतीवरच्या माटवीला बांधायला काही, पोरांना कपडे, भावकीत वाटायला मिठाई. तेवढं नव्हतं म्हणून ते मुंबईत खोलीवर बसून राहिले. आरती आमच्या काकांनी केली. आमच्याकडे त्या वर्षी उपासमार नव्हती, भात घरचा होता. कॅलरी मोजल्या असत्या तर आम्ही गरीब ठरलो नसतो.

वडील गेले त्याला आता बारा वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांनी त्या गणपतीबद्दल काही बोललेलं मला आठवत नाही.

---

खाडीकाठ

दादा, हे लिहिलंत त्याबद्दल काय म्हणू. तुमची परवानगी असेल तर नाव-गाव न सांगता हे वर्गात वाचीन.

तुमच्या पोस्टवरून एका आकड्याबद्दल सांगते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ बायका. केरळातही हजारावर बायका आहेत, आणि तिथे त्याचं श्रेय बरंचसं बायकांच्या आरोग्याला आणि शिक्षणाला देतात. आपल्याकडचा आकडा बघून कोणी तसंच म्हणेल. पण त्या आकड्यात मुख्यतः मुंबईला गेलेले पुरुष आहेत. त्याच दहा वर्षांत, २००१ ते २०११, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. एक आकडा बायकांच्या आयुष्याबद्दल चांगलं सांगतोय की दारं बंद असलेल्या घरांबद्दल, हे त्या गावात उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

---

गिरणगावातला

वाचा. नाव घातलंत तरी चालेल.

---

रापणकार

आमच्याकडची रापण तुमच्या वर्गात घ्या. टाइप करायची सवय नाही, मुलगी टाइप करतेय.

रापणीचं जाळं एकाचं नसतं. प्रत्येक घराचा जाळ्याचा तुकडा, ते तुकडे जोडून रापण होते. होडी जाळं घेऊन अर्धा चंद्र काढते आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर येतात. मग दोन्हीकडे तीस-चाळीस माणसं ओढायला. माझा आजा तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या होता. मासळी विकली की वाळूत बसून वाटे घालायचा. आधी खर्च वजा, मग जाळ्याचे वाटे, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. मी दहा वर्षांचा असताना एकदा एक म्हातारी शेवटी येऊन दोरीला हात लावून उभी राहिली होती. ओढण्याइतकं बळ तिच्यात नव्हतं. मी आज्याला म्हटलं, हिने काय केलं? आजा म्हणाला, "जेनी दोरीक हात लायलो, तेका वाटो गावाकच होयो." म्हणजे, ज्याने दोरीला हात लावला त्याला वाटा मिळायलाच हवा. तिच्या पदरात मूठभर पेडवे पडले. तिचा नवरा आज्याबरोबर वीस वर्षं रापणीवर होता हे मला मागाहून कळलं.

आता पर्ससीनवाले बाहेरच पूर्ण थवा घेरून उचलतात, एलईडीवाले रात्री दिवे लावून ओढतात. एलईडी मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे, पर्ससीनवर निर्बंध आहेत, राज्याचा मासेमारी कायदा १९८१ चा, २०२१ मध्ये दंड वाढवला. तरी रात्री क्षितिजावर दिवे दिसतात. आमच्या रापणीला कित्येक दिवस जाळं रिकामं येतं. मासळीचं एकूण वजन मोजलं तर कदाचित पूर्वीपेक्षा जास्तच निघेल. पण ते एका बोटीवर आलं, चाळीस घरांत नाही.

---

खाडीकाठ

रापणकारकाका, तुमच्या आज्याचं वाक्य मी फळ्यावर लिहिणार.

तुम्ही सांगितलंत त्याचा अभ्यास करून एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अर्थशास्त्रात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. तोवर पुस्तकात ठाम लिहिलेलं असायचं की समाईक गोष्ट माणसं ओरबाडून संपवतात, तेव्हा ती एक तर सरकारने ताब्यात घ्यावी नाही तर खासगी करावी. बाईंनी दाखवलं की कित्येक ठिकाणी लोक आपले नियम आपण घालतात आणि पिढ्यान्पिढ्या पाळतात. त्यांनी तुर्कस्तानातल्या अलान्या इथले मच्छीमार घेतले. तिथे चांगल्या जागेवरून मारामाऱ्या व्हायच्या. मग दर सप्टेंबरला चिठ्ठ्या टाकून कोणी कुठून सुरू करायचं ते ठरू लागलं, आणि रोज प्रत्येकाने एक जागा पूर्वेला सरकायचं, जानेवारीनंतर उलट पश्चिमेला. चांगली जागा सगळ्यांच्या वाट्याला येते, आणि कोणी पाळी मोडली तर ज्याची पाळी होती तोच बोंब मारतो, वेगळा पहारेकरी लागत नाही.

आणि आपल्याकडे 'मत्स्यन्याय' हा जुना शब्द आहे, मोठा मासा लहान माशाला खातो तो. सेन यांनी न्यायावरच्या २००९ च्या पुस्तकात तोच घेतलाय. कायदा कागदावर नीट असणं ही नीती, आणि माणसांच्या जगात मत्स्यन्याय चालू न देणं हा न्याय, असा फरक ते करतात. काका, तुमच्या किनाऱ्यावरून रात्री दिसणारे दिवे हे त्या दोन शब्दांमधलं अंतर आहे.

---

रापणकार

आमच्यातही रापण टाकायची पाळी असते. तुर्कस्तानात आहे हे माहीत नव्हतं.

---

काजूबी

ताई, मी तुमचीच जुनी विद्यार्थिनी, कोण ते सांगत नाही. आता कोल्हापुरात नोकरी करते.

माझी आई काजू फॅक्टरीत बी फोडायला जायची. अजून जाते. किलोवर पैसे. सालीतला चीक इतका जहाल असतो की बोटांची कातडी काळी पडून सोलवटते. बायका हाताला राख नाही तर तेल लावतात, तरी लागतो. दहावीत असताना आधार कार्ड काढायला आम्ही दोघी गेलो. मशीनवर आईची बोटं उमटेनात. त्या मुलाने चार वेळा पुसायला सांगितलं, साबणाने धुवायला सांगितलं. आई पुन्हा पुन्हा पदराला हात पुसत होती आणि रांगेतल्या लोकांकडे बघून "थांबा हां जरा" म्हणत होती. पुढे रेशनच्या मशीनवरही तेच. दुकानात तांदूळ होता, कार्ड होतं, आई होती. बोट नव्हतं.

तुम्ही वर्गात येणाऱ्या बायकांना 'तुम्हाला काय हवं' असं विचारणार असाल तर एक सांगते. आई 'माझं बरं चाललंय' म्हणेल. ती खोटं बोलत नाही. तिने मागायचंच इतकं कमी केलंय की जे आहे त्यात ते भागतं. म्हणून फक्त विचारून थांबू नका.

---

हिशोबनीस

काजूबी यांची पोस्ट सकाळपासून तीनदा वाचली. बोटं उमटत नाहीत अशी माणसं आमच्या शाखेतही येतात, आणि मी त्यांना 'उद्या या' म्हटलेलं आहे. माझा मूळ आक्षेप मी पूर्ण मागे घेत नाही, आकडा आणि निवाडा वेगळे ठेवता यायला हवेत असं मला अजून वाटतं. पण व्याज आणि बचतीचा रविवार घ्यायला मी कुडाळहून येऊ शकतो. खर्च नको.

---

खाडीकाठ

हिशोबनीस, जरूर या. जेवायला आमच्याकडे.

काजूबी, बाळा, मी ओळखलं. आईला मी स्वतः जाऊन बोलावते. तू म्हणतेस ती गोष्ट सेन यांनी आणि तत्त्वज्ञ मार्था नुसबाम यांनी फार गंभीरपणे घेतली आहे: दबून राहिलेला माणूस आपल्या इच्छाही परिस्थितीच्या मापाने कापून घेतो, म्हणून 'समाधानी आहात का' एवढ्यावर हिशेब मिटत नाही. नुसबाम यांनी म्हणून दहा गोष्टींची यादीच केली. पुरतं आयुष्य, धड शरीर, विचार करता येणं, जिव्हाळा, खेळणं, लाज न वाटता समाजात वावरणं अशी. 'खेळणं' त्या यादीत आहे हे मला फार आवडतं.

---

हापूसकलम

पट्ट्या बघितल्या. ज्या दोन वर्षी सगळ्यात जास्त पेट्या गेल्या, त्यातल्या एका वर्षी हातात आलेले पैसे त्याच्या आदल्या वर्षापेक्षा कमी आहेत. वडिलांना विचारलं. म्हणाले, "तेव्हा सगळ्यांचाच आंबा आला होता, अर्धा कॅनिंगला गेला." तीस वर्षं ती पेटी घरात होती, मी कधी उघडली नाही. रविवारी घेऊन येतो.

शब्दाबद्दल: तुमच्या 'फ्लरिशिंग'ला कोणी मोहोर सुचवेल, पण मोहोर म्हणू नका. मोहोर सगळा धरत नाही हे कलमवाल्याला विचारा. माझी आजी कोणाचं बरं चाललंय असं सांगताना म्हणायची, "तो रुजलो." रोप लावल्यावर पहिले महिने काही कळत नाही, मग एक दिवस पालवी येते, तेव्हा म्हणतात रुजलं. माणसालाही म्हणतात.

---

सामाईक_सातबारा

'रुजणं' छान आहे. पण त्याला जमीन लागते हे विसरू नका :)

---

खाडीकाठ

पहिला रविवार झाला, त्याचा वृत्तांत.

तेवीस जण आले. पाऊस धो धो, साडेसहाला लाईट गेली, मग दोन कंदिलांवर वर्ग. मी दोन सुपं नेली होती, एकात तांदूळ, एकात सुके बांगडे. भाव वर-खाली झाला की किती बांगड्यांना किती तांदूळ, ते मोजून एका सुपातून दुसऱ्या सुपात घालायचं. बंगालची गोष्ट सांगितली. सगळे शांत ऐकत होते.

मग मासळी विकणाऱ्या एक मावशी उठल्या, सुपाजवळ आल्या आणि म्हणाल्या, "बाय, तुझा हिशेब अर्धाच हा." त्यांनी सांगितलं की बंदीच्या दोन महिन्यांत बोटवाल्याला दुकानदार उधारीवर तांदूळ देतो, कारण ऑगस्टला बोट बाहेर पडणार हे त्याला माहीत असतं. मावशींना देत नाही. त्यांच्याकडे फक्त पाटी आहे. पाटी बघून कोणी उधार देत नाही. म्हणजे भाव तोच, तांदूळ तोच, खिशातले पैसेही दोघांचे शून्य, तरी एकाच्या घरी चूल पेटते. असं म्हणून त्यांनी बोटवाल्याच्या वाट्याला मी ठेवलेल्या तांदळाच्या ढिगात आणखी दोन मुठी घातल्या, आणि स्वतःच्या ढिगातून काहीच काढलं नाही, कारण तिथे काढायला काही नव्हतं.

अठरा वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ज्या मुलाच्या प्रश्नावरून हे सुरू झालं तो वहीत उतरवून घेत होता. काजूबीची आई आली होती, मागे भिंतीला टेकून बसली. बोलली नाही, पण जाताना पुढच्या वेळी किती वाजता ते विचारून गेली.

तर पुढचा रविवार उधारीचा. हिशोबनीस, तुम्ही येताय ना? व्याजाचं तेव्हाच घेऊ, आणि मावशींना तुमच्याशेजारी बसवते.

---

रापणकार

पुढच्या रविवारी संध्याकाळी भरती असणार, पलीकडच्या वाडीतल्यांना साकवावरून येता येणार नाही. पाणी चढायच्या आत, चारला सुरू करा.

---

खाडीकाठ

काका, बरं झालं सांगितलंत. चारला. पलीकडे निरोप मी पाठवते.